पोट बनूचं, उत्तरही बनूचं

“वनमाला, तुझ्या पित्ताच्या पिशवीत खडे झालेत. म्हणून दुखतं. तू उगीच रडत नव्हतीस.”

डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं ते माझ्या नणंदेला. मी तिच्या शेजारी उभी होते, सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या आणि आमचे हे फॅक्टरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेले, दाराशी घुटमळत होते. आम्हा तिघांकडे बाईंनी ढुंकूनही बघितलं नाही. सासूबाईंना ते लागलं. त्या बाईंना म्हणाल्या,

“तिला काय सांगताय, अम्मा? तिला समजत नाही. आम्हाला सांगा.”

बाई म्हणाल्या, “पोट कुणाचं आहे? तुमचं, का हिचं?”

ही साठ सालानंतरची गोष्ट. आम्ही पेटेत राहायचो, बेंगळूरच्या जुन्या बाजारात. आमचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच, त्यामुळे घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि उंबऱ्यावर दोन्हीची खिचडी. बनू म्हणजे वनमाला, आमच्या ह्यांची पाठची बहीण. तेव्हा तिशीची असेल. ती जन्मापासूनच सावकाश. चालायला उशिरा लागली, बोलायला त्याहून उशिरा. शाळेनं तिला घेतलं नाही. पण अबोलीचा गजरा असा बांधायची की फुलं विकणारी अक्काही थांबून बघायची.

तिची एक तऱ्हा मात्र आधी सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. बनूला प्रश्न विचारला की ती तो आत घेऊन जाते आणि बऱ्याच वेळानं उत्तर घेऊन बाहेर येते. तोवर विचारणारा निघून गेलेला असतो. मग लोक म्हणतात, हिला बोलता येत नाही.

दुखणं सुरू झालं युगादीला, म्हणजे पाडव्याला. पानावर पुरणपोळी होती आणि बनूनं ताट उलटं केलं. असं कधी केलं नव्हतं तिनं. मग गौरीला, मग दिवाळीत. सणाचं जेवण आलं की ही ताट सारायची, कोपऱ्यात जाऊन बसायची आणि उजवा खांदा चोळत राहायची. सासूबाई म्हणायच्या, दृष्ट लागली. त्या मीठमोहऱ्या ओवाळायच्या आणि पुन्हा जेवायला बसवून वर आणखी तूप वाढायच्या. देवानं बुद्धी कमी दिली, आपण तूप तरी जास्त द्यावं, असा त्यांचा हिशेब. त्या तुपात सगळी माया होती हो. आणि तेच तूप पोरीच्या पोटात आग लावत होतं. हे कुणाला कळणार?

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तिच्या पोटाला हातसुद्धा लावला नाही. “मेंटली डेफिशियंट आहे ना? यांचं असंच असतं,” म्हणाले. म्हणजे बुद्धी कमी असलेल्यांना असे झटके यायचेच. झोपेचं औषध दिलं. बनू दिवसा पेंगायला लागली आणि दुखायचं तेव्हा पेंगतपेंगत कण्हायला लागली.

सासूबाईंचे भाऊ, म्हणजे मामा, होसकोट्याला राहायचे. ते आले, बघितलं आणि म्हणाले, “वेड्यांच्या इस्पितळात ठेवा. तिकडं ठेवतात अशांना. सुनेनं किती करायचं?” माझं नाव पुढं करून बोलले, म्हणून मला जास्त राग आला. पण आमचे हे गप्प बसले, आणि ह्यांचं गप्प बसणं म्हणजे विचार चालू झाला असं असतं. मी घाबरले.

मग एका सकाळी बनूला ताप चढला, उलट्या सुरू झाल्या, पोटाला हात लावू देईना. टांगा केला आणि मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं. तिथं व्हरांड्यात बाकावर बसलो. शेजारी कोण खोकतंय, कोण कुणाला डब्यातलं भरवतंय, आणि बनू माझ्या मांडीवर डोकं ठेवून खांदा चोळतेय. आमचा नंबर आला तेव्हा आत ह्या डॉक्टरीणबाई होत्या. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, सुती साडीवर पांढरा कोट.

त्यांनी कन्नडमधून बनूला विचारलं, “कुठं दुखतं?”

सवयीनं मी तोंड उघडलं. बाईंनी माझ्याकडे न बघता बोट वर केलं. थांबा. आणि त्याही थांबल्या. बाहेर एवढी गर्दी, शिपाई दोनदा आत डोकावून गेला, पण बाई पेन खाली ठेवून बसल्या होत्या. मला वाटलं, आता उठून जातील. नाही गेल्या.

बनूनं उजव्या बरगडीखाली हात ठेवला. मग तो उचलून खांद्यावर नेला. मग म्हणाली, “जेवण झालं की.”

वर्षभर आम्ही ज्याला हट्ट म्हणत होतो, ते तिनं तीन शब्दांत सांगितलं.

बाईंनी मग आम्हाला समजावलं. गॉल ब्लॅडर म्हणजे पित्ताशय, यकृताखालची छोटी पिशवी. तेलातुपाचं खाल्लं की ती आकसून पित्त बाहेर सोडते. आत खडे असले की त्या वेळी कळ येते, आणि ती कळ नसेच्या वाटेनं खांद्यापर्यंत जाते. बनूला तिथंच दाखल करून घेतलं आणि ताप उतरल्यावर कोलेसिस्टोग्राम केला. नाव मोठं, काम साधं. रात्री औषधाच्या गोळ्या गिळायच्या, सकाळी क्ष-किरणांचा फोटो काढायचा. गोळ्यांमुळे पिशवी फोटोत पांढरी दिसते आणि खडे तिच्यात काळे ठिपके होऊन दिसतात. तो फोटो बाईंनी खिडकीच्या उजेडात धरला आणि बनूला दाखवला. मग सुरुवातीला सांगितलं ते, “पोट कुणाचं आहे?” वगैरे, सगळं झालं.

ऑपरेशन करायचं ठरलं. ह्यांनी सही करायला पेन काढलं, तर बाई म्हणाल्या, “कागदावर भावाची सही चालेल. पण होकार हिचा पाहिजे. मी विचारेन, तुम्ही मध्ये बोलायचं नाही.”

मामा होसकोट्याहून परत आले होते. व्हरांड्यातच ओरडले, “आता हिला विचारून ऑपरेशन? उद्या म्हशीला विचारून धार काढाल!”

सासूबाई इतके दिवस डॉक्टरीणबाईंवर रुसलेल्या. पण सख्ख्या भावानं लेकीला म्हैस म्हटल्यावर उसळल्या. “न विचारता काढून बघ की. लाथ कुठं बसते ते कळेल.” बाकावरचे सगळे हसले. मामा पान खायला बाहेर गेले, ते संध्याकाळपर्यंत आले नाहीत.

पुढचे दिवस बाईंनी बनूला काही लपवलं नाही. आपल्याकडे कशी रीत असते, बाजारात जाऊ या म्हणायचं आणि सुई टोचून आणायचं. बाईंनी तिला भूल द्यायचा मास्क हातात दिला. बनूनं तो आधी आपल्या नाकाला लावला, मग माझ्या, मग सासूबाईंच्या. त्या किंचाळल्याच. पोटावर कुठं कापणार ते बाईंनी बोटानं रेघ ओढून दाखवलं. नाकात नळी असेल, हाताला सलाईन असेल, उठल्यावर दुखेल, हेही सांगितलं. मी मनात म्हटलं, आता ही कसली तयार होतेय. “मग खांदा दुखणार नाही?” एवढंच बनूनं विचारलं, तेही दुसऱ्या दिवशी. “नाही,” बाई म्हणाल्या. “सरी,” बनू म्हणाली. म्हणजे बरं, चालेल. झाला होकार.

पण खरी अडचण पुढंच होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मोठे सर्जन राउंडला आले. मागे शिकाऊ डॉक्टरांची रांग, वॉर्डची सिस्टर. सर्जननी बनूचा कागद बघितला आणि सिस्टरला म्हणाले, “उद्यापासून हिचे दोन्ही हात पलंगाला बांधायचे. टाके निघेपर्यंत.”

 बनूला लहानपणी एका वैदूनं बांधून डाग दिले होते. तेव्हापासून कुणी मनगट धरलं तरी ती पांढरी पडायची. हात बांधले तर ही पुन्हा कुणावर विश्वास ठेवणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं. मी कसंबसं म्हटलं, “डॉक्टर, बांधू नका. मी बसते जवळ.”

“अशा पेशंटनं नळी उपसली तर जीव जाईल, अम्मा. तुम्ही किती जागणार?” ते काही दुष्ट नव्हते. त्यांनी तसं झालेलं बघितलं असणार.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “सर, तिला विचारू या?” आणि त्यांनी विचारलं, “वनमाला, नळीला हात लागू नये म्हणून हात बांधायचं म्हणतात. काय करू या?”

बनू छताकडे बघायला लागली. सर्जन जरा थांबले, घड्याळ बघितलं आणि पुढच्या पलंगाकडे गेले. रांगही गेली. मला रडू यायला लागलं. त्यांना वेळ नव्हता, हिला वेळ लागतो, यात कुणाला दोष देणार?

राउंड पार तिसऱ्या-चौथ्या पलंगापाशी पोचला होता, तेव्हा मागून वॉर्डभर आवाज घुमला. “बांधायचं नाही! मी धरते!”

सगळी रांग वळली. बनू पलंगावर ताठ बसली होती आणि तिनं आपल्या उजव्या हातानं आपलाच डावा हात घट्ट धरून सगळ्यांना दाखवला होता.

सर्जन परत आले. तिच्यासमोर उभे राहून म्हणाले, “आणि नळी ओढलीस तर?”

या वेळी ते थांबले. शिकाऊ पोरं पाय बदलत उभी, सिस्टर ट्रे घेऊन उभी, शेजारच्या पलंगावरची आजी मान वर करून बघतेय.  आणि उत्तर आलं.

“तर बांधा.”

सर्जन हसले. “सरी,” म्हणाले. “हे आमच्या दोघांचं ठरलं.”

दुसऱ्या दिवशी तिला थिएटरमधून आणलं, नाकात नळी, कुशीतून नळी, तोंड कोमेजलेलं. सिस्टरनं हात बांधायला बँडेजच्या पट्ट्या तयार ठेवल्या होत्या, तिचंही काम होतं ते. मी सलाईनच्या हाताशी बसले. भूल उतरायला लागली तशी बनू कण्हली, हात हलला, नाकाकडे निघाला. सिस्टर पुढं झाली. हात मध्येच थांबला. जरा तरंगला आणि खाली येऊन दुसऱ्या हातावर बसला. घट्ट. डोळे अजून मिटलेलेच होते.

सिस्टरनं पट्ट्या गुंडाळून खिशात घातल्या.

टाके निघेपर्यंत तिनं नळीला हात लावला नाही. नाकाला खाज आली की “सिस्टर, नाक!” म्हणून ओरडायची. सिस्टर वैतागायची, येऊन खाजवून जायची. शेवटी शेवटी तर शेजारची आजीही “सिस्टर, नाक!” म्हणायला लागली, तिला नळी नसताना.

मामांनी पुन्हा वेड्यांच्या इस्पितळाचं नाव काढलं नाही. काढायची वेळ आली असती तर आमच्या ह्यांनी उत्तर दिलं असतं, कारण ते आता बनूशेजारी बसून तिला रोज काहीतरी विचारायचे आणि वर्तमानपत्र वाचत उत्तराची वाट बघायचे.

हल्ली या गोष्टींना हक्क म्हणतात, मोठमोठी माणसं त्यावर बोलतात. चांगलं आहे. तेव्हा हक्क हा शब्द आमच्या घरात वाटणीच्या खटल्यापुरताच होता. पण ज्यांच्या घरी असं सावकाश माणूस आहे आणि इस्पितळाची पायरी चढायची आहे, त्यांना मी एवढंच सांगेन. “यांचं असंच असतं” म्हणणाऱ्या डॉक्टरला सरळ म्हणा, आधी पोट तपासा. जे करणार ते आपल्या माणसाला खरं सांगा, भीती वाटेल म्हणून गाळू नका. आणि डॉक्टर तुमच्याकडे बघून विचारतील, तेव्हा तुम्ही आपल्या माणसाकडे बघा. लोक तुम्हाला उर्मट म्हणतील. म्हणू देत. त्या डॉक्टरीणबाईंचे आणि थांबलेल्या सर्जनचे उपकार मला दुसऱ्या कुठल्या रीतीनं फेडता येणार?

मी स्वतः तसंच करत आले. मध्ये काही वर्षं गेली आणि बनूची दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरकडे नेलं. पोरसवदा डॉक्टर, चिमटाबिमटा घेऊन तयार. मला म्हणाला, “काय होतंय यांना?” मी बनूकडे बघितलं. त्यानंही बघितलं. बराच वेळ गेला. तो म्हणाला, “अम्मा, तुम्हीच सांगा ना.” मी म्हटलं, “थांबा. वेळ लागतो, पण उत्तर येतं.”

आलं.

“काल दुखत होतं. आज नाही. वहिनीनं उगीच आणलं.”

डॉक्टर माझ्याकडे बघतोय, मी बनूकडे. बनू खुर्चीतून उतरून चपला शोधायला लागली होती. मग काय, आम्ही घरी आलो.