दगडू पैलवान आणि डावं चाक

"मिस्त्री, तुमचं बेअरिंग खोटं हाय!" शिवलिंगप्पा भर बाजारात म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. माझ्याकडं येऊ घातलेलं एक गिऱ्हाईक तिथूनच माघारी वळलं.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. धाराशिवात निजामाचा अंमल. पलटणीच्या वर्कशॉपमधली नोकरी संपवून मी गावी दुकान टाकलं होतं. लष्कराचे जुने ट्रक तेव्हा लिलावात निघत. शिवलिंगप्पा, म्हणजे आमचे अप्पा, भुसाराचे व्यापारी. त्यांनी असाच एक घेतला. त्याचं पुढचं डावं चाक डुलायचं.

चाकाच्या मधोमध हब असतो. बैलगाडीच्या चाकाला तुंबा असतो, तसा. त्यात बेअरिंग बसतं, म्हणजे पोलादी रूळ भरलेलं कडं. बाहेरून एक मोठा नट ते जागेवर धरून ठेवतो. नट सैल झाला की बेअरिंग गेलं म्हणून समजा.

मी नवं बेअरिंग घातलं. पंधरा दिवसांत चाक डुलायला लागलं. दुसरं घातलं, तेही गेलं. आता हबमधली जागाच झिजून मोठी झाली होती. आणि आठ दिवसांवर सोनारीच्या काळभैरवाची जत्रा. अप्पांनी अर्ध्या गल्लीला ट्रकमधून न्यायचं कबूल केलेलं. वाटेत चाक निखळलं असतं तर काळभैरवाच्या आधी यमाचंच दर्शन झालं असतं.

हब घेऊन मी सोलापूर गाठलं. लेथवर, म्हणजे कातायच्या यंत्रावर, पोलादाचं कडं करून ते हबात दाबून बसवलं. परत येऊन तिसरं बेअरिंग घातलं. चाक भोवऱ्यासारखं फिरलं. ट्रक तामलवाडीपर्यंत नेऊन आणला आणि सहज उजव्या हबला हात लावला. हात पोळला. भाकरी शेकली असती त्यावर.

एकाच गाडीचं एक चाक सैल होतंय, दुसरं करकचून आवळलंय. उजव्याला तर मी कधी पानाही लावला नव्हता. म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी हात होता. त्या रात्री मी अप्पांच्याच ओसरीवर मुक्काम ठोकला.

सकाळी तालमीतून अप्पांचा ड्रायव्हर आला. दगडू पैलवान. दोन हात लांबीचा पाना खांद्यावर. डाव्या हबचं टोपण काढलं, नटाची पिन उपसली, तळहातावर थुंकला आणि पान्याला भिडला.

"दगडू, काय करतोस रे?"

"चाकं आवळतो, मिस्त्री. रोज आवळतो, दोन्हीबी. पर हे डावं लई हट्टी. रोज आवळावं तर रोज ढिल्लं!"

मी कपाळावर हात मारला. ह्या ट्रकच्या डाव्या नटाला उलटे आटे होते. चाक पुढं फिरताना नट सुटू नये म्हणून. पलटणीत हे सगळ्यांना ठाऊक असायचं, म्हणून इथं कुणाला सांगायचं मला सुचलंच नाही.

"बाबा, डाव्याचे आटे उलटे हायत. तू आवळत न्हाईस, खोलतोस."

"उलटे? गोऱ्याचं डोकं फिरलं व्हतं का?"

त्याला पटेना. मी उजवा नट काढून त्याच्या हातात दिला. "बसव डाव्या बाजूला." मानेच्या शिरा फुगेपर्यंत त्यानं जोर लावला. नट एक आटाही चढला नाही. पैलवान मटकन खाली बसला.

"म्हंजी म्या रोज उठून गाडी खोलत व्हतो?"

"व्हय."

"अन् अप्पांनी मला पोरावानी संभाळलंय!" एवढा सहा फुटी गडी, डोळे भरून आले.

तेवढ्यात अप्पा बाहेर आले. "काय झालं?"

"अप्पा, चूक माझी," मी म्हणालो. "हा नट उलट्या आट्याचा. मी दगडूला सांगितलंच न्हाई."

अप्पांनी दगडूकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "म्हंजे बेअरिंग खरं व्हतं?"

"तिन्हीबी खरी व्हती."

"मग बाजारात चला. चारचौघांत सांगतो."

सांगितलं त्यांनी. पण हळू आवाजात.

दोन्ही नट मी माझ्या हातानं बसवले. सोनारीची जत्रा सुखरूप झाली. दगडूनं ट्रक चालवला. मी शेजारी बसलो, पाना मांडीखाली घेऊन.

तेव्हापासून बिघडलेली गाडी दारात आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला: हिच्यावर सगळ्यात जास्त माया कोण करतं?