यांना की यांनी?

भिवंडीत कचेरीबाहेरच्या झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. चष्म्याची तुटकी काडी त्याने लूमच्या सुताने बांधली होती आणि ओळ संपली की तो बोटांवर फुंकर मारायचा.

कामतघरच्या कारखान्यात मी चौदा वर्षं जॉबर होतो, माग लावून-दुरुस्त करून देणारा. शेठशी भांडून मीच राजीनामा दिला. पण कामाच्या दाखल्यात आलं, ‘यांना स्वखुशीने सोडले.’ पडघ्याचा नवा मालक म्हणाला, “म्हणजे काढलंच की! दाखला बदलून आणा, मग कामाचं बोलू.”

मी तो कागद म्हाताऱ्याच्या टेबलावर आपटला. “शेठच्या मुन्शीला कोर्टात खेचतो! अर्ज लिहा, चांगला दोन पानी!”

त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. “मुन्शीला कशाला, भाऊ? हा माझ्याच मशीनचा हाय. ‘यांनी स्वखुशीने काम सोडले’ लिहायचं होतं. वेलांटीचा काना झाला आन् काम गळालं.” मग मला न्याहाळून म्हणाला, “पण तुमचा आवाज ऐकून वाटतं, शेठने तुम्हाला सोडलं असतं तर खुशीनेच सोडलं असतं.”

मी चिडायच्या आत त्याने नवा कागद चढवला. खोडाखोड त्याला चालत नसे. पैशांचं विचारायला मी तोंड उघडलं, तर म्हणाला, “चूक माझी, घासाघीस कसली?”

शेठने नव्या दाखल्यावर हसत सही केली. इतक्या आनंदाने, की पहिलाच कागद खरा होता की काय, अशी शंका मला अजून येते.