पद्माकररावांची टाच आणि बंद झालेला भात

जर्मनीत एश्बॉर्नला लेकीकडे मी नवी नवी आले, तेव्हा एकदा स्वयंपाकघरातून भांडण कानावर आलं. संध्या म्हणत होती, "अहो, पन्नाशी उलटली. पोरांबरोबर उड्या कसल्या मारता?"

"उडी नाही, स्मॅश म्हणतात त्याला."

"काही म्हणा, पडलात तर उचलायला येणार नाही मी."

"जा, जा," जावई म्हणाले. मला वाटलं, बायकोला घराबाहेर काढतात की काय! मग कळलं, इकडे जा म्हणजे हो.

तर हे आमचे पद्माकरराव. माणूस मवाळ, सासूचं पान स्वतः वाढणारा. पण रॅकेट हातात आली की कुणाचा नाही. कोपर बॅडमिंटननं धरलेलं, खांद्याला निळी पट्टी, तरी रविवारचा हॉल चुकायचा नाही.

गेल्या हिवाळ्यात खेळताना टाचेमागे फटकन आवाज झाला. यांनी वळून जोडीदारालाच दरडावलं, "रोहन, लाथ का मारलीस?" रोहन बिचारा पुढे जाळीपाशी उभा. तोच म्हणाला, "काका, टाचेची शीर तुटली की अशीच लाथ बसल्यासारखी वाटते." झालं, यांचा चेहरा उतरला. शीर तुटली म्हणजे ऑपरेशन, आणि त्या नावानंच यांना घाम फुटतो.

दुसऱ्या दिवशी एकटेच डॉक्टरकडे गेले. यांचं ऑफिस इंग्रजीत चालतं, जर्मन आपलं दुकानापुरतं. डॉक्टरनं पोटरी दाबली, सोनोग्राफी केली, हसून दोनदा म्हणाला, "काइन रिस." बाकीचं भराभर बोलला, ते डोक्यावरून गेलं. विचारायला हे लाजले.

घरी येऊन म्हणाले, "संध्या, भात बंद."

"टाचेचा नि भाताचा काय संबंध?"

"ऑपरेशनआधीचं पथ्य असेल. काइन म्हणजे नाही, रिस म्हणजे राइस. जरा दाबून बोलतात हे लोक."

मलाही पटलं. डॉक्टर म्हटला की पथ्य आलंच. आठवडाभर पोळी वरणात बुडवून खायचे आणि फोन वाजला की ऑपरेशनची तारीख आली म्हणून दचकायचे. मी आपली भात खाताना त्यांच्याकडे पाठ करून बसायची.

रविवारी नात आली, तनया. हायडेलबर्गला शिकते, वाढली इथंच. "बाबा, तुला भात नको?" यांनी कारण सांगितलं, तसा तिनं घास खाली ठेवला.

"राइस नाही बाबा, रिस! रिस म्हणजे फाटणं. काही फाटलं नाही म्हणाला तो!"

"मग ऑपरेशन?"

"नाइन, नाही! कसलं ऑपरेशन? नुसती ताणली असणार."

पद्माकररावांनी पाय पुढे घेऊन अंगठा हलवून बघितला, आत्ताच परत मिळाल्यासारखा. संध्या हसत, डोळे पुसत कुकर लावायला उठली.

"आई, तुम्ही तरी बोलायचं," ते मला म्हणाले.

"मला वाटलं, इथल्या थंडीत टाच भातानं सुजत असेल."

त्यांनी तीनदा भात घेतला. मग नेहमीसारखी प्लास्टिकच्या कचऱ्याची पिवळी पिशवी बांधली. संध्या म्हणाली, "अहो, तनया नेईल."

"का? शीर शाबूत आहे माझी."

लंगडत खाली गेले. पिशवी फाटकाशी ठेवली, शेजारणीची कलंडलेली सरळ केली, आणि वर आले.