शिवेवरची शमी

आमचं गाव महानगरपालिकेनं बडोद्यात ओढून घेतलं, त्याला काही वर्षं झाली. तेव्हापासून ते धड गाव राहिलं नाही की धड शहर झालं नाही. म्हशी आहेत, पण त्यांना चरायला जागा नाही. गावाची शीव कुठं होती हे छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस उरलाय, माझे शेजारी उदयसिंहराव. मी त्यांना काका म्हणते.

काकांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते. दसऱ्याला सगळ्यांच्या आधी शीव ओलांडून शमीची पूजा करायची, हा मान त्यांच्या घराचा. मागून अख्खं गाव जायचं, पटेल काय नि गुरं राखणारे भरवाड काय. ती शमी काकांच्याच शेतात होती. शेत घ्यायला बिल्डर आला तेव्हा काका अडून बसले, "झाडाला हात लावायचा नाही, तसं कागदावर लिहा." त्यानं लगेच लिहून दिलं. झाडापाशी जायची वाट लिहून घ्यायची मात्र राहिली. शिवेवर जायला कुणाला विचारावं लागेल, हे त्या घराण्याच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. बिल्डरनं शब्द पाळला. शमीला छान पार बांधला आणि सगळ्या सोसायटीभोवती उंच भिंत घातली.

त्याच सोसायटीत काकांच्या मुलानं, राजवर्धननं, फ्लॅट घेतला. दोन दसरे तो गेटवर येऊन काकांना आत न्यायचा, म्हणून निभावलं.

यंदा सकाळपासून काका पणजोबांचा फेटा शोधत होते. पेटीत नव्हता. त्यांच्या पत्नी गंगाबाई खाली मान घालून ताटलीत फाफडा-जलेबी मांडत राहिल्या. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. दुपारी काका बोडक्या डोक्यानंच निघाले, हातात पूजेचं ताट. मागून जायला मी एकटी.

गेटवर वॉचमन नवा होता.

"कौनसे फ्लॅट में जाना है?"

"फ्लॅट में नहीं. पेड के पास."

"पेड का नंबर नहीं होता, अंकल."

मी म्हणाले, "काका, राजवर्धनचा फ्लॅट नंबर सांगा ना."

"माझ्या शिवेवर जायला पोराला विचारू?" काका कडाडले. मग बराच वेळ उन्हात उभे राहिले, आणि सांगितला नंबर.

वॉचमननं फोनवर काकांचं नाव नीट घेतलं, मी ऐकलं. मग त्यानं ताटाकडे हात केला. "साहब बोले, अंदर प्रोग्राम चालू है. थाली यहीं रखवा लो."

काकांनी ताट दिलं नाही. मागे वळले. या राजवर्धनला मी दरवर्षी भाऊबीजेला ओवाळते, त्याची मला लाज वाटली.

घरी पोचतो तोच माझा फोन वाजला. राजवर्धननं सगळ्यांना फोटो धाडला होता. शमीवर दिव्यांच्या माळा, सोसायटीतली गर्दी आणि मधोमध पूजा करणारा तो. डोक्यावर पणजोबांचा फेटा. खाली इंग्रजीत लिहिलेलं, आमची परंपरा.

मी फोन लपवायला गेले, पण काकांनी हात पुढे केला. गंगाबाईंना रडू फुटलं. "म्हणाला, आई, बाबांना सांगू नको, सरप्राइज आहे. मीच दिला हो काढून."

काकांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"फेटा नीट बांधलाय का गं? मला दिसत नाही."

"हो, काका," मी म्हणाले.

नुसता गुंडाळला होता.