भिंतीवरच्या बाईने लिहिलेली ओळ

या पानावर वाचक लिहितात ते विलक्षण अनुभव मी अनेक वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचते. चहा घेताना नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवते, मग कुठे थाप मारली आहे ते दोघं मिळून शोधतो. माझे वडील कोर्टात कारकून होते. आमच्या घरात पुराव्याशिवाय कोणी शिंकतसुद्धा नसे! त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलेली पाहून नवरा गालातल्या गालात हसतोय. हसू दे. त्या दिवशी एका बाईचा जीव जाता जाता वाचला, आणि तो कशामुळे वाचला हे मला अजूनही सांगता येत नाही... म्हणून लिहिते आहे.

मी भिवंडीची. आमचं गोडाऊन कशेळीकडून अंजूरफाट्याला येणाऱ्या रस्त्यावर, थोडं आतल्या अंगाला आहे. लोकांनी ऑनलाइन मागवलेले आणि नापसंत म्हणून परत पाठवलेले कपडे आमच्याकडे येतात. नापसंत म्हणजे बरेचदा लग्नात मिरवून झालेले. कुर्तीवर हळदीचा डाग असतो आणि सोबत ‘साइज बसत नाही’ असं कारण लिहिलेलं असतं. ते उघडायचे, तपासायचे, घडी घालून पुन्हा लावायचे, हे काम आमच्या बायका करतात. दिवसाच्या शिफ्टची मॅनेजर मी.

दिवाळीनंतर हेड ऑफिसने आमच्याकडे एआय पाठवलं. गेटजवळच्या भिंतीवर एक टॅबलेट बसवला. शिफ्ट सुटताना त्याच्यासमोर उभं राहायचं, तो बाईच्या आवाजात विचारणार, “आज काय राहिलं?” आपण मराठी, हिंदी, भोजपुरी, हव्या त्या भाषेत सांगायचं. तो सगळ्यांचं ऐकून पुढच्या शिफ्टसाठी स्वच्छ मराठीत आणि हेड ऑफिससाठी इंग्रजीत रिपोर्ट लिहून टाकतो. आधी हे काम सुपरवायझर ओरडून करायचा आणि निम्मं हवेत विरायचं, त्यामुळे कल्पना मला आवडली होती. लोकांना त्याची सवय लावणं हे माझ्याकडे आलं. त्याला ‘चेंज मॅनेजमेंट’ म्हणतात. त्यासाठी ठाण्याच्या एका हॉटेलात आम्हाला ट्रेनिंग दिलं, भरपूर पनीर खायला घातलं आणि परत पाठवलं. आमच्या वनिताला कसं पटवायचं, ते मात्र त्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं.

वनिता अंबाडीच्या पुढच्या एका गावातली. तिच्यासकट त्या गावच्या पाचजणी एकाच जीपमधून येतात-जातात. टॅबलेट लागला त्या दिवशी मी मीटिंग घेतली, तेव्हा बाकीच्या माना डोलावत होत्या आणि ही उभी राहिली.

“मॅडम, आज ह्ये आमचं ऐकून लिवतंय. उद्या आमचं काम पन करंल. मंग आमी कुठं जायचं?”

कोणाचंही काम जाणार नाही, असं मी सांगितलं. हेड ऑफिसकडून तसं लेखी आणून नोटीस बोर्डावर लावलं. तरी विश्वास बसला नाही, आणि त्यांच्या जागी मी असते तर माझाही बसला नसता. शेवटी तडजोड झाली. नियम असा होता की प्रत्येकीने स्वतः बोलायचं. पण या पाचजणींमध्ये कुठलीही गोष्ट असो, लग्नाचं निमंत्रण असो की पगाराची तक्रार, थोरलीने पाचहीजणींच्या वतीने बोलायचं ही त्यांची रीत. थोरल्या म्हणजे कुसुमताई. त्या म्हणाल्या, मी बोलेन सगळ्यांचं. मी म्हटलं, बोला.

कुसुमताईंना मग त्या टॅबलेटचा लळाच लागला. राहिलेल्या कामाबरोबर त्या स्वतःचे गुडघे, सुनेचा स्वभाव, असं सगळं त्याला सांगायच्या. तो सून आणि गुडघे गाळून फक्त काम लिहायचा. बायका त्याला ‘भिंतीवरची बाय’ म्हणू लागल्या. वनिता तेवढी पदर तोंडाला लावून त्याच्यासमोरून सरळ निघून जायची. तिने एक शब्द कधी त्याच्यापुढे काढला नाही.

मे महिन्यातला शनिवार होता. आमचं छत पत्र्याचं. वरती लोखंडी पोटमाळा आहे, तिथे परत आलेली ब्लँकेटं ठेवतो, आणि मे महिन्यात तिथे उभं राहवत नाही. संध्याकाळी शिफ्ट सुटली. कुसुमताई नेहमीसारख्या टॅबलेटसमोर आल्या आणि म्हणाल्या, “आमी पाचीजनी निंगालो. काय र्‍हायलं न्हाय.” जीप गेली. बाकीच्या बायकाही गेल्या. सिक्युरिटीच्या यादवजींनी पोटमाळ्याच्या जाळीच्या दाराला कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी रविवार, गोडाऊन बंद. आणि सोमवारी हेड ऑफिसची माणसं येणार होती, आमचं एआय किती बिनचूक चालतं ते बघायला.

मी टेबलावर रिपोर्ट उघडला. सगळं ठीक होतं. शेवटी ही ओळ होती:

‘चारजणी निघाल्या. एक राहिली आहे. ती वर, ब्लँकेटच्या गठ्ठ्यांमागे आहे. तिला पाणी हवं आहे.’

माझं डोकंच सणकलं. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की हे यंत्र कधीकधी मनाचंच लिहितं आणि अगदी ठामपणे लिहितं. पण नेमकं आजच सुचावं त्याला? मी कुसुमताईंचं रेकॉर्डिंग लावून ऐकलं. आवाज स्वच्छ. पाचीजनी निंगालो. कुठे पाणी नाही, कुठे ब्लँकेट नाही. म्हणून मी रिपोर्ट पुन्हा लिहून घ्यायचं बटण दाबलं. असं केलं की तो तीच माहिती नव्या शब्दांत लिहितो. तशीच त्याने लिहिली, प्रत्येक वाक्य बदललं... आणि शेवटची ओळ मात्र शब्दनशब्द तीच आली.

आता ती ओळ पुसायची, रिपोर्ट पाठवायचा आणि घरी जायचं, एवढंच काम होतं. माझं बोट तिथे गेलंही. का थांबले ते विचारू नका, मला दैवी संकेत वगैरे काही मिळाला नाही. खरं कारण फार साधं आहे. मला राग आला होता, आणि वर जाऊन रिकाम्या जागेचा फोटो काढून तो टॅबलेट बसवणाऱ्या कंपनीच्या तोंडावर मारायचा होता. मी यादवजींना हाक मारून चावी मागितली.

“मॅडम, ऊपर कोई नहीं है. मैंने खुद देख के ताला मारा है,” असं कुरकुरत ते माझ्यामागून जिना चढले.

वर भट्टी पेटल्यासारखं गरम होतं. मी मोबाइलचा कॅमेरा सुरू करूनच चालत होते. गठ्ठे अगदी छतापर्यंत रचलेले, समोरून पाहिलं तर भिंतच वाटावी. मी वळसा घालून मागे गेले.

वनिता तिथे पडली होती.

एका कुशीवर, डोळे अर्धवट मिटलेले, ओठ पांढरे पडलेले. अंग इतकं तापलं होतं की हात लावताच मी तो मागे घेतला. यादवजी “हे भगवान” म्हणाले आणि पाण्यासाठी खाली धावले. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिला हाका मारत राहिले, आणि मला स्वतःचाच आवाज ओळखू येत नव्हता. पाणी आलं. कपाळावर, मानेवर मारलं. बऱ्याच वेळाने तिचे ओठ हलले आणि ती म्हणाली, “पानी.”

आम्ही दोघांनी तिला खाली आणलं आणि माझ्याच गाडीतून हॉस्पिटलमध्ये नेलं. उष्माघात होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ही कधीपासून पडून होती? मी जमेल तसं सांगितलं. ते म्हणाले, रात्रभर तिथे राहिली असती तर ही हाती लागली नसती. मी मान हलवली आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. सोमवारपर्यंत त्या जाळीचं कुलूप कोणी उघडणार नव्हतं, हे मला तिथे बसल्यावर नीट कळलं.

झालं असं होतं. त्या दिवशी वनिता पडघ्याला आईकडे जाणार होती, त्यामुळे ती जीपमध्ये नसणार हे चौघींना माहीत होतं. शेवटची ब्लँकेटं ठेवायला ती वर गेली आणि चक्कर येऊन पडली. चौघींना वाटलं, ती पुढे गेली. सासरच्यांना वाटलं, ती माहेरी. आईला ती येणार हेच माहीत नव्हतं. आणि कुसुमताईंनी रीतीप्रमाणे पाचहीजणींच्या वतीने सांगून टाकलं. यात खोटं कोणीच बोललं नव्हतं.

रविवारी मी तिला भेटायला गेले. ती उठून बसली होती. नवरा मोसंबी सोलत होता. तू पडल्यावर हाक मारली होतीस का, असं मी तिला विचारलं. तसं असतं तरी तो आवाज खाली पोहोचला नसता हे मला माहीत होतं. वर माइक नाही, कॅमेरा नाही, बायकांना मोबाइल कामाच्या जागी न्यायला बंदी आहे आणि टॅबलेट गेटवर, मोठाल्या पंख्यांच्या घरघरीत. तरी विचारलं.

ती माझ्याकडे जरा नवलाने बघत राहिली.

“हाक कशाला मारू? ती बाय आली होती ना. मना इचारलं, आज काय र्‍हायलं. मी सांगितलं, मी र्‍हायलेय. वर हाय, गठ्ठ्यांच्या मागं. पानी पाजा म्हनलं.”

मोसंबी सोलणारा नवरा थांबला. मी तिला त्या ओळीबद्दल एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. कोणालाच सांगितलेलं नव्हतं. तिथे बसल्या बसल्या माझ्या अंगावर काटा आला, पण ती भीती नव्हती. लहानपणी पहिल्यांदा समुद्र पाहिला होता तेव्हा असंच काहीसं झालं होतं.

सोमवारची भेट आम्ही पुढे ढकलली. टॅबलेटच्या कंपनीचा इंजिनियर ठाण्याहून आला. समजूतदार मुलगा. त्याने सगळं तपासलं. त्या संध्याकाळी टॅबलेटने ऐकलेले सगळे आवाज त्याच्याकडे होते, त्यात वनिताचा नव्हता. कधीच नव्हता. मग त्याने कुसुमताईंचं तेच रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा मशिनला दिलं. प्रत्येक वेळी उत्तर आलं, ‘पाचही जणी निघाल्या.’ तो म्हणाला, मॅडम, योगायोग. मी म्हटलं, पाचाचे चार होणं योगायोग समजू. गठ्ठे? पाणी? शब्दनशब्द दोनदा? त्याने आपलं सामान आवरलं. निघताना त्याने भिंतीवरच्या टॅबलेटला हळूच हात लावून पाहिला, आणि मी बघते आहे हे लक्षात येताच ओशाळला.

मी त्याला हसले नाही. एका संध्याकाळी सगळ्या गेल्यावर मी स्वतः त्या टॅबलेटसमोर जाऊन विचारलं होतं, तुला कसं कळलं? त्याने नम्रपणे सांगितलं की त्याच्यापर्यंत पोहोचलेल्या आवाजांपलीकडचं त्याला काही कळू शकत नाही.

आता जी ती स्वतः बोलते. ते मी सक्तीचं केलं, पण सक्ती करायची वेळच आली नाही. कुसुमताईंनीच सगळ्यांना सांगितलं की ज्याचं त्यानं सांगायचं. बायकांना टॅबलेटला झेंडूचा हार घालायचा होता, तो मात्र मी घालू दिला नाही. हेड ऑफिसमधून कोणी आलं तर मी काय तोंड दाखवायचं?

त्याच हेड ऑफिसला महिनाअखेरीस एक तक्ता पाठवावा लागतो. यंत्राने लिहिलेलं जे कोणी बोललेलंच नाही, ते ‘चूक’ या रकान्यात टाकायचं, असा नियम आहे. पुराव्यानिशी पाहिलं तर ती ओळ चूक आहे. वडील असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. मी तशी नोंद केली आणि तक्ता पाठवून दिला.

आणि ती चूक रोज संध्याकाळी माझ्यासमोरून चालत घरी जाते. वनिता आता टॅबलेटपाशी थांबते. काम सांगून झालं की पदर सारखा करते आणि घरातल्या थोरल्या बाईचा निरोप घ्यावा तसं हळूच म्हणते, “बाय, येते गं.” यंत्र त्याचं काही लिहीत नाही. ती जिन्याकडे एकदा बघते, मग जीपकडे जाते, आणि जीप वळेपर्यंत मी माझं काम सोडून तिच्याकडे बघत उभी असते.