एका घमेल्यातले बेडूक

सोमाजीला बढाई मारायला आयुष्यात एकच गोष्ट मिळाली होती, ती म्हणजे बेडूक. तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो चौतीस वर्षं शिपाई होता. दर पावसाळ्यात सरांसोबत सूरजागडच्या डोंगरात जायचं, ओढ्यातले बेडूक आणायचे, पायाला जागा आणि सालाची चिठ्ठी बांधायची आणि फॉर्मॅलिनच्या बरणीत सोडायचे. "लोकायच्या घरी लोणचं मुरते, माह्या हातानं बेडकं मुरले," असं तो चारचौघांत सांगायचा. कुणी हसलं नाही तर स्वतःच हसायचा.

निवृत्तीनंतर सहा वर्षांनी चंद्रपूरहून संशोधन करणाऱ्या स्वाती मॅडम आल्या. डोंगरातल्या बेडकांच्या कातडीला बुरशीचा रोग लागतो. तो इकडे कधी आला, कुठून कुठे गेला, हे त्या शोधत होत्या. जुन्या बेडकांच्या अंगावरून कापसाची काडी फिरवली की बुरशीची खूण सापडते म्हणे. त्या दिवशी बरण्या दाखवायला सोमाजी लग्नकार्यातला सफारी घालून गेला. पोटावरची बटणं लागली नाहीत, ते सोडा.

दोन महिन्यांनी मॅडमचा फोन आला. "सोमाजीभाऊ, सगळ्याच बेडकांवर बुरशी निघाली. अगदी सत्त्याऐंशी सालच्यासुद्धा. शोधनिबंधात तुमचं नाव टाकते." सोमाजीनं ही बातमी पानठेल्यावर तीनदा सांगितली आणि तरंगतच घरी आला. अंगणात त्याची बायको कमळा कपडे भिजवत होती. तिच्या नव्या लुगड्याचा लाल रंग त्याच्या तिन्ही बनियनांना लागला होता. तो बनियनांकडे बघत राहिला आणि त्याला प्रयोगशाळेतलं घमेलं आठवलं.

एका वर्षी कॉलेजात तपासणीची समिती यायची होती. तेव्हा त्यानं साऱ्या बरण्या एकाच घमेल्यात रिकाम्या केल्या होत्या. सत्त्याऐंशीचे, नव्वदचे, दोन हजारचे, सगळे बेडूक एकाच पाण्यात दात घासायच्या ब्रशनं घासले होते. घासणारा इतका हुशार, की पायाची एकही चिठ्ठी सुटू दिली नाही. त्या स्वच्छतेबद्दल त्याला शाल आणि नारळ मिळाला होता.

गप्प राहिलं तर नाव छापून येणार. बोललं तर हयातभराची कमाई पाण्यात. दोन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. मग त्यानं फोन लावला.

"मॅडम, एकाची बुरशी मीच साऱ्यायले वाटली असन. एकाच घमेल्यात धुतले मी सारे बेडकं."

मग मॅडमनी विचारलं, "न धुतलेली एखादी बरणी आहे का, भाऊ?"

होती. एक्क्याण्णव सालची. झाकण काही केल्या उघडेना, म्हणून समितीच्या भीतीनं त्यानं ती कपाटामागं दडवली होती.

"एक हाय. ते काम मले जमलं नाई."

"मग तीच आणा. बाकीचं मला आता धरता येणार नाही."

प्राचार्यांना विचारून सोमाजीनं बरणी काढली आणि चंद्रपूरच्या एसटीत बसला. धक्क्यानं फुटू नये म्हणून त्यानं ती सत्काराच्या शालीत गुंडाळली होती. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय हाय भाऊ त्याच्यात?"

"चौतीस वर्षाची नोकरी केली बाई," सोमाजी म्हणाला, "त्यातलं न केलेलं एक काम हाय."