बारा वाजताचं पाणी

माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. गावातल्या निम्म्याअधिक लोकांना पोहायला त्यांनी शिकवलं. औंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं शेत होतं आणि शेतात पायऱ्यांची रुंद विहीर. एरवी आबा साधे शेतकरी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण शाळेला सुट्ट्या लागल्या की त्यांचा रुबाब बदलायचा. तेलाचे रिकामे डबे तोंड झाळून हवाबंद करून घेतलेले असायचे. ते दोरीनं लेकरांच्या पाठीला बांधायचे आणि द्यायचे ढकलून. रडणाऱ्याला दुसऱ्यांदा ढकलायचे. फी वगैरे काही नव्हती. कुणी टरबूज आणलं तर ते तिथंच पायरीवर फोडून सगळ्यांना वाटायचे.

त्यांचा नियम एकच. पोहणं बारा ते दोन, भर उन्हात. त्याआधी नाही, त्यानंतर तर अजिबात नाही. लोक हसायचे. ज्या वेळी ढोरंसुद्धा झाडाखाली बसतात, त्या वेळी हा माणूस लेकरं घेऊन विहिरीवर जातो म्हणायचे. कारण मात्र जुन्या लोकांना माहीत होतं.

उन्हाळ्यात पाणी खोल जातं. सकाळी आणि दुपार कलल्यावर विहिरीच्या भिंतीचीच सावली पाण्यावर पडते आणि पाणी काळं होतं. बाराच्या सुमाराला मात्र ऊन सरळ आत उतरतं. आबांच्या धाकट्या भावाला याच विहिरीनं चार वाजताच्या काळ्या पाण्यात नेलं होतं. तो नऊ वर्षांचा होता. पाण्यात आठ-दहा जण पोहत होते, आबाही होते, आणि तो खाली गेलेला कुणालाच दिसला नाही. आबा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे असतील. ही गोष्ट त्यांनी मला कधीच सांगितली नाही, आईनं सांगितली.

म्हणून आबा तिसऱ्या पायरीवर डोक्याला टॉवेल गुंडाळून बसायचे आणि दोन तास पाण्यावरची नजर काढायचे नाहीत. ऊन आत उतरायचं हे खरं, पण ते तितकंच वरही फेकलं जायचं. लेकरांनी हातपाय मारले की कुणी आरसा धरून डोळ्यांवर कवडसा मारावा तसं व्हायचं, आणि तेही चारी बाजूंनी. मी शेजारी बसून बघितलं तर मिनिटभरात डोळ्यांतून पाणी यायचं. आबा त्या चकाकीच्या आत, खाली, काय चाललंय ते शोधत बसायचे. वर्षानुवर्षं.

मी पाचवी-सहावीत असेन तेव्हा त्यांचे डोळे कायम लाल राहायला लागले. नाकाकडच्या कोपऱ्यातून पांढरट गुलाबी मांस वाढायला लागलं. आईनं मध घातला, कुणी सुरमा दिला, तोही घातला. शेवटी औंढ्याच्या डॉक्टरांनी बघितलं. ते म्हणाले, ‘‘हे उन्हानं होतंय. पाण्यावर बसता ना? वरचं ऊन आणि पाण्यावरून येणारं ऊन, दुहेरी मार आहे. मोठ्या काठाची टोपी घाला, काळा चष्मा लावा.’’

आबांनी मान हलवली. त्यांची मान हलली म्हणजे ते ऐकणार नाहीत, हे मला त्या वयातही कळत होतं.

मग महाशिवरात्रीच्या जत्रेत मी स्वतःच्या खाऊच्या पैशांतून त्यांच्यासाठी काळा गॉगल घेतला. आमच्याकडे काळा चष्मा दोघंच घालायचे, मोतीबिंदू काढलेला म्हातारा आणि लग्नातला नवरदेव. आबांनी तो लावल्यावर आई पदर तोंडाला लावून हसली. पण उन्हाळा सुरू होताच माझ्यासाठी त्यांनी तो विहिरीवर नेला. पहिल्याच दिवशी तिसऱ्या पायरीवर बसून डोळ्यांवर चढवला आणि चटका बसल्यासारखा काढला.

‘‘काहून काढला?’’ मी विचारलं.

‘‘पाणी काळं झालं, माय,’’ ते म्हणाले. ‘‘बारा वाजता चारचं पाणी करून राहिला ह्यो. लेकरू खाली गेलं तर दिसंल का मला?’’

मला राग आला. नंतर तो गॉगल उन्हाळी ज्वारीतल्या बुजगावण्याला लावलेला दिसला तेव्हा आणखी आला. आठ दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. येणारे-जाणारे रस्त्यावर थांबून बुजगावण्याला रामराम करायचे आणि आबा हसायचे.

पुढच्या उन्हाळ्यांत ते मला विचारायला लागले, ‘‘किती डोकी हायती, बघ बरं.’’ मी मोजायचे. ‘‘चौदा, आबा.’’ ‘‘बराबर,’’ ते म्हणायचे. जणू त्यांनी आधीच मोजलेली आहेत आणि माझी परीक्षा घेताहेत. थोड्या वेळानं पुन्हा. मग पुन्हा. ते विचारून खात्री करत नव्हते, त्यांना दिसतच नव्हतं, हे मला नेमकं कधी कळलं ते सांगता येणार नाही. कळलं, पण मी बोलले नाही. त्यांनीही सांगितलं नाही. मी आपली रोज त्यांच्या शेजारी जाऊन बसायला लागले. आईला वाटायचं, पोरीला बापाचा लळा.

माझी दहावी झाली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. निकाल लागायचा होता, मैत्रीण विहिरीवर आली होती. आम्ही दोघी पुढं कुठं शिकायचं यावर बोलत होतो. किती वेळ मी पाण्याकडे पाठ केली होती? फार तर शंभर मोजण्याइतका. तेवढ्यात शेजारच्या घरातली सात वर्षांची मुलगी खाली गेली. पाठीचा डबा सुटून एकटाच तरंगत होता. मी वळले, डबा बघितला आणि ओरडले. आबांनी कपड्यांसकट उडी मारली, पण भलत्याच बाजूला. मुलीच्या मोठ्या भावानं बुडी मारून तिला वर काढलं. तिच्या तोंडातून पाणी निघालं, ती रडली, संध्याकाळी अंगणात लगोरी खेळत होती. तिच्या घरचं कुणी आबांना एका शब्दानं बोललं नाही.

आबा ओल्या कपड्यांनी पायरीवर बसून होते. सगळे गेल्यावर म्हणाले, ‘‘मी तिच्याकडंच बघत व्हतो.’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्यांच्या दोऱ्या सोडल्या. डबे ज्यांना हवे त्यांना देऊन टाकले. लेकरं दोन-तीन दिवस बारा वाजता दारात येऊन उभी राहिली, मग यायची थांबली. आबा त्या वेळी भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे.

नंतर आम्ही त्यांना नांदेडला नेलं. डोळ्यांतलं मांस काढलं, थोडं उजळ झालं. पण डॉक्टर म्हणाल्या की डोळ्याच्या आतला पडदा मधोमध गेलाय, त्याला इलाज नाही. कडेचं दिसतं, समोरचं नाही. त्यानंतर आबा माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघायचे. कडेनं मी त्यांना थोडी दिसायचे.

माझं पुढचं शिक्षण नांदेडलाच झालं आणि काही वर्षांनी मी तिथंच एका चष्म्याच्या दुकानात कामाला लागले. एके दिवशी एक कंपनीवाला नवे गॉगल घेऊन आला. त्यानं काउंटरवर एक चमकदार कार्ड ठेवलं. त्यावर नुसतं निळं पाणी होतं. ‘‘अब ये पहन के देखिए, मॅडम,’’ तो म्हणाला. मी गॉगल लावला आणि त्या पाण्यात मासा दिसला. काढला, मासा गेला. लावला, आला. तो सांगत होता की ही काच पाण्यावरची चकाकी तेवढी अडवते, होडीत बसणारे, मासे धरणारे, पोहणारे लोक हीच वापरतात, डोळ्यांचं रक्षण होतं आणि खालचंही दिसतं. मी त्याला विचारलं, ही काच केव्हापासून मिळते? तो म्हणाला, खूप जुनी आहे, मोठ्या शहरांत तर केव्हाचीच मिळते.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्या उन्हाळ्यात मी तो गॉगल घेऊन गावी गेले. का नेला, मला माहीत नाही. आबांना त्याचा आता काही उपयोग नव्हता. कदाचित तो कंपनीवाला थापा मारत होता असं निघावं, असं मला वाटत होतं. दुपारी आबांचा हात धरून विहिरीवर गेले. त्यांनी शिकवलेल्यांचीच लेकरं पाण्यात होती, बारा वाजता. गावानं नियम मोडला नव्हता. आबा तिसऱ्या पायरीवर बसले, मी शेजारी. मी गॉगल लावला.

चकाकी गेली. अख्खी विहीर मला दिसली. पाण्याखालच्या पायऱ्या, त्यांच्यावरचं शेवाळ, लेकरांचे पाय. एक मुलगी बुडी मारून पाण्यातल्या पाचव्या पायरीला हात लावत होती. तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या मला दिसल्या.

‘‘काय लावलंस डोळ्यांवर?’’ आबांनी माझ्या कानाकडे बघत विचारलं. कडेनं त्यांना काहीतरी काळं दिसलं असावं.

‘‘गॉगल हाय, आबा. दुकानातला.’’

ते म्हणाले, ‘‘त्याच्यातून बुडी मारलेलं लेकरू दिसतं का?’’

मुलगी पायरी सोडून वर येत होती. तिच्या नाकातून निघालेले बुडबुडेसुद्धा मला दिसत होते.

‘‘न्हाई, आबा,’’ मी म्हणाले. ‘‘काळंच दिसतं सगळं.’’

‘‘तेच तर,’’ ते म्हणाले आणि किती वर्षांनी त्यांचा चेहरा सैल झाला. ‘‘तवाच सांगितलं व्हतं तुला. किती डोकी हायती, बघ बरं.’’

‘‘अकरा.’’

‘‘बराबर,’’ आबा म्हणाले.